सिमेंटातील बंदोबस्त

अणुशक्तीच्या कारभारात सिमेंटाचा प्रवेश झाला तो कोणत्याही शास्त्रीय सिद्धांताच्या आधाराने नव्हे, तर निव्वळ वजनाच्या गरजेतून. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, १९४६ साली, अमेरिकेने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे किरणोत्सारी टाकाऊ पदार्थ समुद्रात सोडावयास आरंभ केला. पुढे सान फ्रान्सिस्कोच्या पश्चिमेकडील फॅरालन बेटांचा परिसर या कामासाठी मुक्रर झाला. आणि लोखंडी पिंपांत त्या पदार्थांभोवती काँक्रीट ओतण्याचे मुख्य प्रयोजन हे की, पिंप लाटांवर तरंगत न राहता सरळ तळाशी जावे. १९७० पर्यंत अशी सुमारे ४७,५०० पिंपे त्या सागरतळावर जाऊन पडली. ब्रिटनने १९४९ पासून ईशान्य अटलांटिकमध्ये हाच मार्ग धरला. १९७२ च्या लंडन येथील करारनाम्याने या रवानगीवर प्रथम निर्बंध आले आणि १९९३ मध्ये ती सर्वस्वी निषिद्ध ठरली. परंतु तोवर अर्ध्या शतकाचा काळ लोटला होता, आणि त्या काळातील पुष्कळशा काँक्रीटाकडून बुडण्यापलीकडे फारशी अपेक्षाच कोणी केलेली नव्हती.

मला या इतिहासाचे महत्त्व वाटते ते याच कारणाने. एखादी वस्तू कठीण झाली म्हणजे तिच्या पोटात जे आहे ते तेथेच राहील, हा समज मनुष्यास फार स्वाभाविक आहे, आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. दगडासारखा घट्ट झालेला सिमेंटाचा ठोकळासुद्धा सूक्ष्म रंध्रांनी भरलेला असतो. त्या रंध्रांत पाणी असते. आणि जे द्रव्य त्या पाण्यात सुखाने विरघळते ते कालांतराने बाहेरच्या पाण्यात येते. किरणोत्सारी अवशेष घट्ट करण्याच्या विद्येचा इतिहास म्हणजे या दोन गोष्टी, घट्ट होणे आणि रोखून धरणे, परस्परांहून भिन्न आहेत हे हळूहळू उमगण्याचा इतिहास आहे. हा भेद ज्यांच्या द्वारे भरून काढण्यात आला ते पदार्थ मोठे नामांकित नव्हेत. चिकणमाती, लोखंडाच्या भट्टीतील मळी, वीजकेंद्रातील राख, चुना, सोडियम सिलिकेट: सिमेंटात मिसळावयाच्या या मालमसाल्यानेच हे शास्त्र घडविले.

बांधकामाच्या मालात असे काही मिसळण्याची कल्पना नवी नाही. नेपल्सजवळील पोत्सुओली येथील ज्वालामुखीची राख चुन्यात घातली असता तो पाण्याखालीही जमतो, हे रोमन स्थापत्यकारांस ठाऊक होते. आपल्याकडे घाणीत बैलांकरवी मळलेल्या चुन्यात विटांची सुरखी पडे, आणि माल चिवट व्हावा म्हणून गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, क्वचित उडदाचे पाणीही घालीत. अशा घाणींची वर्तुळाकार दगडी चरे सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांवर आजही दिसतात. अठराव्या शतकात जॉन स्मीटनने एडिस्टोनच्या दीपगृहासाठी पाण्यात जमणाऱ्या चुन्याचा शोध घेतला, १८२४ साली लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटाचे पेटंट मिळविले, आणि त्यानंतर शतकभरात हे करडे चूर्ण इतके स्वस्त व इतके सार्वत्रिक झाले की, अणुभट्टीवाल्यांना नव्या संकटात प्रथम त्याचीच आठवण व्हावी, यात नवल नाही.

सिमेंटाच्या अंगी या कामास अनुकूल असा एक मोठा गुण मुळातच आहे, आणि तो त्याच्या अल्कधर्मात आहे. जमलेल्या सिमेंटातील रंध्रजलाचे पीएच मूल्य साडेबाराच्या वर असते, आणि इतक्या तीव्र क्षारात प्लुटोनियम, अमेरिशियम, युरेनियम यांसारखी जड मूलद्रव्ये फारशी विरघळत नाहीत. ती हायड्रॉक्साइडादी रूपांत साक्याप्रमाणे तेथेच बसतात. स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमचे भाऊबंद, तेव्हा सिमेंटाच्या कॅल्शियम सिलिकेटात त्यास थोडाबहुत थारा मिळतो. अडचण आहे ती सीझियमची. हा धातू सोडियम-पोटॅशियमच्या कुळातला. क्षारयुक्त पाण्यात तो मुक्त संचार करतो, आणि सिमेंटाच्या घटनेत त्याला बांधून ठेवणारे असे फारसे काही नाही. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे आणि त्याचे किरण भेदक. म्हणजे पहिल्या काही शतकांत ज्याची सर्वाधिक धास्ती बाळगावयाची, तेच सिमेंटातून सर्वांत आधी निसटणारे.

या अडचणीवरचा उपाय टेनेसी राज्यातील ओक रिज येथे सापडला, आणि त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. युद्धकाळी गुप्तपणे वसविलेल्या त्या अणुनगरीत द्रवरूप अवशेषांचे काय करावे हा प्रश्न प्रारंभापासून होता, आणि १९५० नंतर काही वर्षे तेथे ते द्रव जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत व चरांत सोडून देण्याची वहिवाट पडली. आज हे ऐकताना मन विषण्ण होते. परंतु त्या खड्ड्यांच्या निरीक्षणातून एक गोष्ट ध्यानी आली: तेथील शेल नावाचा पापुद्र्यांचा खडक सीझियमला विलक्षण घट्ट धरून ठेवीत होता. त्या खडकात इलाइट जातीची चिकणमाती असते. तिचे कण वहीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेल्या थरांचे असतात, आणि त्या थरांच्या उकललेल्या कडांशी सीझियमचा आयन असा अचूक बसतो की, तेथून त्याची सहसा सुटका होत नाही. ही माती जर सीझियमला जमिनीत धरते, तर सिमेंटात का धरू नये, हा विचार तेथून फार दूर नव्हता.

ओक रिजच्या तंत्रज्ञांनी मग तेलविहिरींच्या व्यवसायातील एक युक्ती उसनी घेतली. खोल विहीर खणून, तिच्यातून प्रचंड दाबाने पाणी सोडून खालच्या शेलचे थर विलग करावयाचे, आणि त्या फटीत किरणोत्सारी द्रव व सिमेंट यांचा पातळ राडा भरावयाचा. तो दोनशे-तीनशे मीटर खोलीवर आडव्या पातळ पडद्यांसारखा पसरून तेथेच जमावा, अशी ती तजवीज. प्रयोगांस १९५९ साली प्रारंभ झाला आणि १९६६ पासून प्रत्यक्ष अवशेष अशा रीतीने भूगर्भात जाऊ लागले. त्या राड्याची घडण पाहिली म्हणजे या विद्येचे प्रौढत्व तेथे प्रथम दिसते. त्यात सिमेंट होते; सिमेंटाची बचत करणारी व स्ट्रॉन्शियमला अधिक रोखणारी वीजकेंद्रातील राख होती; द्रव वर व घन खाली असे विभाजन होऊ नये म्हणून अ‍ॅटापल्जाइट नावाची, पाणी धरून ठेवणारी माती होती; सीझियमसाठी इलाइट होते; आणि नळांतून व विहिरीतून खाली जाईपर्यंत माल मध्येच जमू नये म्हणून शर्करावर्गातील ग्लुकोनोलॅक्टोन नावाचे द्रव्य अल्प प्रमाणात घातलेले होते. साखरेचा अंश सिमेंटाचे जमणे लांबवितो, हे बांधकामावरचा साधा मुकादमही जाणतो आणि म्हणून साखरेचे पोते सिमेंटाजवळ येऊ देत नाही. येथे मात्र तोच दोष मापून-जोखून गुण म्हणून वापरला गेला. प्रत्येक घटकास एक नेमून दिलेले काम, आणि प्रत्येक कामामागे एक जाणलेला धोका, अशी ती रचना होती. पुढे १९८४ मध्ये, निरीक्षणविहिरींच्या पाण्यात किरणोत्सार आढळल्यावर आणि भूगर्भात द्रव सोडण्याविषयीचे कायदे कडक झाल्यावर, हे काम बंद पडले. जमिनीखालचा तो मार्ग बरखास्त झाला. मिश्रणाची विद्या मात्र टिकली.

ठोकळा किती रोखतो हे मोजावयाचे कसे, याविषयी मात्र बराच काळ एकवाक्यता नव्हती. प्रत्येक प्रयोगशाळेची स्वतःची रीत असे आणि एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नसे. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियतकालिकातून एक सामान्य पद्धत सुचविण्यात आली. ती अगदी साधी आहे. जमलेल्या मालाची एक छोटी दंडगोलाकार कांडी पाण्यात बुडवून ठेवावयाची, ठराविक मुदतीने ते पाणी बदलावयाचे, आणि प्रत्येक वेळच्या पाण्यात कोणते किरणोत्सारी द्रव्य किती उतरले ते मोजावयाचे. ज्या कांड्या हातोड्याने फुटत नव्हत्या, त्यांनीही सीझियमचा मोठा भाग पाण्यास देऊन टाकल्याचे अशा कसोट्यांत दिसून येई. आणि ज्यांत व्हर्मिक्युलाइट, बेंटोनाइट वा क्लिनोप्टिलोलाइटसारखे झिओलाइट मिसळले होते, त्यांतून ही गळती कित्येक पटींनी घटे. माझ्या मते या विद्येच्या इतिहासातील निर्णायक वळण हेच. तेथून पुढे ठोकळ्याची परीक्षा केवळ त्याच्या ताकदीवर होईनाशी झाली, आणि पाण्याची साक्ष प्रमाण ठरली.

सिमेंटाचे अवशेषांशी जसे वाकडे येते, तसेच अवशेषांचे सिमेंटाशीही येते, हा धडा वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्यांनी शिकविला. दाबयुक्त पाण्याच्या भट्ट्यांत न्यूट्रॉनांचे नियमन करण्यासाठी पाण्यात बोरिक आम्ल मिसळलेले असते. ते पाणी आटविल्यावर उरणारा गाढा द्रव सिमेंटात कालवला तर सिमेंट जमतच नाही, दिवसचे दिवस ओलसर चिखल राहते. यावरचा इलाज म्हणजे सिमेंटाआधी चुना घालावयाचा, म्हणजे बोरेट कॅल्शियमशी बद्ध होऊन सिमेंटाच्या वाटेतून दूर होतो. सल्फेटयुक्त द्रव असेल तर उलट संकट: ठोकळा जमतो, पण पुढे आत एट्रिंगाइटाचे सुईसारखे स्फटिक वाढून तो आतूनच फुगतो व तडकतो. पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनांचे बारीक मणी भिजले की फुगतात आणि वरवर उत्तम दिसणारा ठोकळा भुसभुशीत करून टाकतात. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात या कटकटीस कंटाळून काही काळ युरिया-फॉर्मल्डिहाइड या प्लास्टिकाचा अवलंब झाला. त्यातून जमल्यानंतरही आम्लधर्मी पाणी सुटते असे आढळल्यावर तो मार्ग सोडावा लागला. युरोपात व जपानात डांबरात अवशेष मिसळण्याची पद्धती रुजली होती, परंतु ११ मार्च १९९७ रोजी जपानमधील तोकाइमुरा येथील डांबरीकरणाच्या कारखान्यात आग लागून स्फोट झाला, आणि जळणाऱ्या द्रव्याच्या पोटात नायट्रेटासारखे ज्वलनपोषक क्षार ठेवण्यातील धोका साऱ्या जगासमोर आला. सिमेंट जळत नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती नजरेआड होण्याचे भय असते.

१९८२ मध्ये अमेरिकेत या अवशेषांच्या जमिनीतील विल्हेवाटीचे रीतसर नियम जाहीर झाले, आणि त्यांत अधिक तीव्र वर्गांतील घट्ट केलेल्या मालाने ३०० वर्षे आपले रूप टिकवावे अशी अपेक्षा धरण्यात आली. ही मुदत मनमानी नाही. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची अर्धायुष्ये तीस वर्षांच्या आसपास. दहा अर्धायुष्यांत मूळ किरणोत्सार सुमारे सहस्रांशावर येतो. मराठी वाचकास या कालावधीची कल्पना यावी म्हणून सांगतो की, पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला, त्याला अजून पुरती तीनशे वर्षे झालेली नाहीत. आणि तेवढ्या अवधीत त्या वास्तूवर काय काय गुदरले, आगीत काय गेले आणि तटाचे काय राहिले, हे आपण जाणतोच. पोर्टलंड सिमेंट तर मुळातच दोनशे वर्षांचे. ज्या पदार्थाचा स्वतःचा अनुभव दोन शतकांचा, त्याच्याकडून तीन शतकांची हमी घ्यावयाची, तर ती अनुभवाच्या नव्हे, रसायनाच्या ज्ञानावरच घ्यावी लागते. म्हणून मिसळावयाच्या प्रत्येक मुठीचा हिशेब येथे इतका कसोशीने ठेवला जातो.

तसा हिशेब ठेवून मोठ्या प्रमाणावर केलेल्या कामाचे एक उत्तम उदाहरण न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट व्हॅली येथे मिळते. तेथील खासगी इंधन-पुनःप्रक्रिया कारखाना १९६६ ते १९७२ अशी जेमतेम सहा वर्षे चालला आणि मागे सुमारे सहा लक्ष गॅलन अतितीव्र द्रव टाक्यांत ठेवून गेला. पुढे सरकारने ते काम हाती घेऊन प्रथम तो द्रव झिओलाइटाच्या स्तंभांतून काढून त्यातील सीझियम हिरावून घेतले, उरलेला क्षारद्रव आटविला, आणि १९८८ ते १९९५ या काळात तो सिमेंटात कालवून सुमारे २०,००० चौकोनी पिंपे भरली. त्या मालात कॅल्शियम नायट्रेट व सोडियम सिलिकेट ही जमण्याची गती वाढविणारी द्रव्ये होती, आणि ढवळताना फेस येऊ नये म्हणून फेसनाशकही होते. फेसाची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण ज्या पिंपाजवळ मनुष्य उभा राहू शकत नाही, त्यात बुडबुड्यांनी माल कडेपर्यंत चढला तर तो खाली बसवावयाचा कोणी?

ब्रिटनमध्ये सेलाफील्डच्या कारखान्याने १९९० पासून वेगळी वाट चोखाळली. तेथे साधे सिमेंट थोडे आणि झोतभट्टीची दळलेली मळी, जिला सर्वत्र स्लॅगच म्हणतात, ती अधिक, कधी तिप्पट तर कधी नऊपट, असे मिश्रण ५०० लिटरच्या स्टेनलेस पोलादी पिंपांत भरले जाते. मळीचे पहिले कारण उष्णता हे होते: सिमेंट जमताना तापते, आणि एवढ्या मोठ्या राशीत ती उष्णता कोंडून राहिल्यास माल तडकतो, मळी सावकाश जमते आणि ताप कमी करते. द्रव वा गाळ असेल तर पिंपातच पाते फिरवून तो कालवितात, आणि काम झाल्यावर ते पाते बाहेर काढीत नाहीत. ते त्या मालातच कायमचे गाडले जाते, कारण बाहेर काढलेले पाते हाच पुन्हा एक नवा किरणोत्सारी अवशेष होईल. इंधनावरून सोललेले मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कीस असतील तर ते आधी पिंपात ठेवून, पिंप थरथरवीत वरून माल ओततात. सिमेंटाचा तीव्र क्षार मॅग्नेशियमला मानवतो, त्याची झीज मंदावते; अ‍ॅल्युमिनियमला मात्र तो मुळीच मानवत नाही, आणि झिजताना हायड्रोजन वायू सुटतो. म्हणून अशा धातूंसाठी कमी क्षाराची निराळी सिमेंटे, कॅल्शियम सल्फोअ‍ॅल्युमिनेटाची वा मॅग्नेशियम फॉस्फेटाची, शोधण्याचा उद्योग चालू आहे.

मळीचा दुसरा गुण अमेरिकेतील सव्हाना नदीकाठच्या कारखान्यात विशेष कामी आला. १९९० पासून तेथे टाक्यांतील क्षारद्रवाचे जे कृत्रिम शिलारूप करतात, ज्याला सॉल्टस्टोन म्हणतात, त्यातील कोरड्या मालात बराच काळ मळी ४५ टक्के, राख ४५ टक्के आणि सिमेंट केवळ १० टक्के असे. येथे प्रतिपक्षी आहे टेक्नेशियम-९९. त्याचे अर्धायुष्य सुमारे २,११,००० वर्षे. ऑक्सिजनाशी संयोग पावलेल्या रूपात ते पाण्यासरशी वाहते, पण त्याचे क्षपण झाले, म्हणजे त्याच्या ऑक्सिडीभवनाची पातळी खाली आणली, की ते अविद्राव्य होऊन जागीच बसते. हे क्षपण घडविणारे सल्फाइड मळीतच असते. मळीचे काँक्रीट ताजे फोडले तर आतून निळसर-हिरव्या रंगाचे दिसते आणि उघड्या हवेत काही दिवसांनी तो रंग उडून पांढुरके होते. तो निळसरपणा त्याच सल्फाइडाचा, आणि त्याचे उडून जाणे म्हणजे प्राणवायूची सरशी. टेक्नेशियमला रोखणाऱ्यांची सारी चिंता त्या एका दृश्यात एकवटलेली आहे, कारण तडा जाऊन हवा आत शिरली, तर आज बसविलेले टेक्नेशियम उद्या पुन्हा चालू लागेल.

आपल्या मुलखात या विद्येचे पहिले ठाणे अर्थातच तुर्भे. १९५४ मध्ये तेथे अणुशक्ती प्रतिष्ठान उभे राहिले, १९५६ च्या ऑगस्टात अप्सरा भट्टी चालू झाली, १९६९ मध्ये तारापूरची वीज मिळू लागली. आणि भट्टीमागून अवशेष येतातच. तुर्भ्याच्या संशोधकांनी द्रवातील स्ट्रॉन्शियम बेरियम सल्फेटाच्या व सीझियम तांब्याच्या फेरोसायनाइडाच्या साक्यात ओढून घेऊन, तो गाळ सिमेंटात घट्ट करण्याची पद्धत बसविली. आणि सीझियमसाठी सिमेंटात व्हर्मिक्युलाइट व बेंटोनाइट मिसळण्याचे प्रयोग केले. असा घट्ट माल काँक्रीटच्या चरांत, आणि अधिक तीव्र असल्यास टाइल होल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे चार मीटर खोल उभ्या कूपांत उतरविण्यात येतो. अतितीव्र द्रवासाठी तारापूरला काचेचा मार्ग निवडण्यात आला, आणि तो योग्यच होता, कारण तेवढ्या उष्णतेचा व किरणांचा मारा सिमेंटातील पाण्यास सोसत नाही. ते पाणी विघटित होऊन वायू सुटू लागतो.

मिसळावयाच्या द्रव्यांपैकी काहींवर आता संशयही घेतला जातो, आणि तो मला रास्त वाटतो. आधुनिक बांधकामात माल प्रवाही व्हावा म्हणून जी सेंद्रिय द्रव्ये घालतात, ती अवशेषांच्या सिमेंटात घालण्यास कारखाने फार काळ कचरले, कारण सेंद्रिय रेणूंपैकी काही प्लुटोनियमसारख्या मूलद्रव्यांभोवती मिठी घालून त्यांना विद्राव्य करतात. कागद, कापूस, लाकूड यांतील सेल्युलोजही सिमेंटाच्या क्षारात कुजून आयसोसॅकॅरिनिक आम्ल निर्माण करते, आणि तेही हेच काम करते. ओक रिजला ज्याचा एवढा उपयोग झाला त्या शर्करावर्गातील ग्लुकोनेटाचीही गणना आता त्याच यादीत होते.

सिमेंट की काच, हा वाद आज वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे पुन्हा उभा राहिला आहे. तेथील १७७ भूमिगत टाक्यांत युद्धकाळापासूनच्या प्लुटोनियम-निर्मितीचे कोट्यवधी लिटर अवशेष आहेत. १९८८-८९ मध्ये तेथे दहा लक्ष गॅलन सौम्य द्रव एका मोठ्या काँक्रीटच्या तळघरात सिमेंटी राड्याच्या रूपाने जमविण्यात आला. परंतु पुढल्या काही वर्षांत धोरण पालटले, सिमेंटाचा मार्ग सोडून सौम्य द्रवाचीही काच करावयाचे ठरले, आणि काचेचा कारखाना दशकानुदशके रेंगाळला. मधल्या काळात टाक्या जुन्या होत गेल्या, काहींना गळती लागली. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये एका टाकीतील केवळ तीन गॅलन द्रव प्रयोगादाखल बाहेर काढून, त्यातील सीझियम वेगळे करून, उरलेला द्रव जवळच्या कारखान्यात सिमेंटात घट्ट करण्यात आला, आणि तो ठोकळा टेक्ससमधील अँड्र्यूज गावाजवळच्या जागेत पुरण्यासाठी रवाना झाला.